घरच्या सबवूफरमधील अ‍ॅम्प्लिफायर : दुरुस्ती की बदल?

आपल्या परिसरातील अनेक घरांत दूरदर्शन संचाशेजारी एक जड, काळी पेटी ठेवलेली असते. तिच्यासोबत दोन, चार किंवा पाच लहान स्पीकर असतात. या सर्व संचाला बोलीत ‘होम थिएटर’ म्हणतात आणि जड पेटीला ‘सबवूफर’. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला किंवा लग्नघरी भीमगीत लागते तेव्हा गायकाचा आवाज लहान स्पीकरमधून येतो, पण ढोलकीचा छातीत घुमणारा खोल ठोका येतो तो या पेटीतून. मग एखाद्या दिवशी पेटी मुकी होते. कधी तिच्यातून नुसती घूंऽऽ अशी गुणगुण येते, कधी दिवाही लागत नाही. विक्रेता सांगतो की याचे भाग आता मिळत नाहीत, नवा संच घ्या. पेटी माळ्यावर जाते आणि तेथून भंगारवाल्याकडे.

मजुरीवर किंवा धानाच्या पिकावर चालणाऱ्या घरासाठी नवा संच ही लहान खरेदी नसते. म्हणून या लेखात एकच गोष्ट सप्रमाण मांडायची आहे. मुक्या झालेल्या सबवूफरमध्ये बहुतेक वेळा आतील अ‍ॅम्प्लिफायरचा एखादा लहान भाग मेलेला असतो. पेटी, स्पीकर आणि पुष्कळदा ट्रान्सफॉर्मरही शाबूत असतो. कोणता भाग गेला हे क्रमाने प्रश्न विचारून ठरवता येते. ते ठरल्यावरच दुरुस्ती करावी, अ‍ॅम्प्लिफायर बदलावा की संच टाकून द्यावा, याचा निर्णय घ्यावा. पुराव्याआधी निकाल देऊ नये हा इतिहास-संशोधनाचा पहिला नियम आहे. तो येथेही तंतोतंत लागू पडतो.

एका पेटीतील चार वस्तू

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ कंपनसंख्येचे ध्वनी ऐकतो. त्यातील सर्वांत खालचा, साधारण २०० हर्ट्झच्या आतील पट्टा सबवूफरकडे सोपवलेला असतो. इतका खोल ध्वनी काढण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. त्यासाठी मोठा पडदा, मोठी पेटी आणि भरपूर वीजशक्ती लागते.

पेटी बाहेरून एक दिसत असली तरी तिच्यात चार स्वतंत्र वस्तू नांदतात. पहिली, लाकडी किंवा भुशाच्या फळ्यांची पेटी. दुसरी, स्पीकर, म्हणजे चुंबक, तारेची गुंडाळी आणि कागदी किंवा प्लास्टिकचा पडदा. तिसरी, वीजपुरवठा, हा घरातील २३० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह कमी दाबाच्या सरळ प्रवाहात बदलतो. चौथी, प्रत्यक्ष अ‍ॅम्प्लिफायर. हा टीव्ही किंवा मोबाइलकडून आलेला क्षीण संकेत वाढवून स्पीकरला देतो. वाढवण्यापूर्वी एक गाळणी वरचे स्वर काढून टाकते व फक्त खालचे स्वर पुढे सोडते. पुष्कळ संचांत शेवटच्या दोन वस्तू पेटीच्या मागील पत्र्यावर एकत्र बसवलेल्या असतात. आठ-दहा स्क्रू काढले की तो पत्रा सगळ्या भागांसह बाहेर येतो.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. बाजारातील स्वस्त संचांत लहान स्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायरही याच पेटीत असतात. त्यामुळे वीजपुरवठा गेला तर सगळाच संच मुका होतो. फक्त खोल आवाज गेला आणि लहान स्पीकर वाजत राहिले, तर वीजपुरवठा बहुधा ठीक असून दोष पुढच्या टप्प्यात असतो. पेटी न उघडताच मिळालेला हा पहिला पुरावा होय.

अ‍ॅम्प्लिफायर पेटीत कसा आला

पूर्वी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर या दोन वेगळ्या वस्तू होत्या. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीन इलेक्ट्रोडांचा व्हॉल्व्ह बनवला आणि क्षीण विद्युत् संकेत मोठा करण्याचा मार्ग खुला झाला. आज आपण वापरतो त्या प्रकारच्या, चुंबकात हलणाऱ्या गुंडाळीच्या स्पीकरचा पाया चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली घातला. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ या कंपनीचे ध्वनिक्षेपक स्वातंत्र्यलढ्यातील जाहीर सभांमध्ये दिसू लागले. त्या काळी अ‍ॅम्प्लिफायर मंचाखालच्या टेबलावर असे आणि कर्णा दूर खांबावर. एक बिघडला तर दुसऱ्याला झळ लागत नसे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, रेडिओ आणि ध्वनियंत्रांच्या सुट्या भागांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला तो अशा वेगळ्या करता येणाऱ्या यंत्रांमुळेच.

ज्या १९५४ साली बाबासाहेबांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, त्याच साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी हवाबंद लहान पेटीतून खोल आवाज काढणारा स्पीकर बाजारात आणला. त्याआधी खोल आवाजासाठी कपाटाएवढी पेटी लागे. पुढे १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी चित्रपटगृहांत प्रचंड वूफर बसवून प्रेक्षकांना भूकंपाचा थरार अनुभवायला लावण्यात आला. घरातही तसाच आवाज हवा ही हौस त्यानंतर वाढत गेली. डीव्हीडी आल्यावर खोल स्वरांचा स्वतंत्र मार्ग घरोघरी पोहोचला. दरम्यान व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने आणि ट्रान्झिस्टरची जागा नखाएवढ्या आयसीने घेतली. अ‍ॅम्प्लिफायर इतका लहान झाला की तो स्पीकरच्याच पेटीत बसवणे कारखानदाराला स्वस्त आणि गिऱ्हाइकाला सोयीचे झाले.

या सोयीची किंमत मात्र अ‍ॅम्प्लिफायरला मोजावी लागते. ज्या पेटीचे कामच थरथरणे आहे तिच्याच पोटात त्याला राहावे लागते, आणि हवाबंद पेटीत त्याची उष्णता बाहेर जायला मागच्या पत्र्याखेरीज वाट नसते. म्हणून याच भागात बिघाड अधिक होतो.

बिघाडाची चार कारणे

पहिले कारण उष्णता. वीजपुरवठ्यातील लहान डब्यांसारखे दिसणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात. त्यांच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश सेल्सिअस असे तापमान छापलेले असते. तंत्रज्ञांचा ठोकताळा असा की तापमान दर १० अंशांनी कमी झाले की कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट होते. समजा, एखादा कपॅसिटर ८५ अंशांना २,००० तास टिकेल असा आहे आणि तो पेटीत सतत ६५ अंशांवर राहतो. त्याचे आयुष्य ८,००० तास होईल. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे रात्रंदिवस चालू ठेवल्यास तो वर्षभरही पुरणार नाही. त्याच जागी १०५ अंशांचा, तितक्याच तासांचा कपॅसिटर लावला तर आयुष्य ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक होते. दोहोंच्या किमतीत फरक अगदी थोडा असतो. रिमोटने बंद केलेला संच पूर्ण बंद होत नाही. त्याचा काही भाग तापतच राहतो. भिंतीवरील बटन बंद करण्याची सवय म्हणूनच उपयोगाची.

दुसरे कारण थरथर. जड भागांच्या पायांभोवतीचे सोल्डरचे टाके थरथरीने तडकतात. पेटीवर थाप मारली की आवाज येतो-जातो, असे दिसल्यास हाच संशय प्रथम घ्यावा.

तिसरे कारण विजेचा दाब. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तार तुटली तर एखाद्या घरात २३० ऐवजी ३०० व्होल्टहूनही अधिक दाब येऊ शकतो. पावसाळ्याच्या तोंडाशी आपल्या चौरास भागात विजा कडाडतात तेव्हा तारांवरून येणारा क्षणिक धक्काही असेच नुकसान करतो. ढग गडगडू लागताच प्लग काढून ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चौथे कारण आपला हात. आवाज शेवटच्या टोकापर्यंत चढवला की अ‍ॅम्प्लिफायर आपल्या कुवतीबाहेर ओढला जातो, ध्वनी फाटतो आणि आयसी व स्पीकरची गुंडाळी दोन्ही तापतात.

हात लावण्यापूर्वी

हा भाग पालकांनी स्वतः वाचावा आणि मुलांना समजावून सांगावा.

पेटीतील वीजपुरवठा दोन प्रकारचा असतो. लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर दिसला तर तो जुन्या पद्धतीचा. पिवळ्या फितीत गुंडाळलेला लहान, हलका ट्रान्सफॉर्मर आणि शेजारी एक जाडसर कपॅसिटर दिसला तर तो ‘एसएमपीएस’. या दुसऱ्या प्रकारात घरातील वीज ट्रान्सफॉर्मरकडे जाण्यापूर्वीच सरळ प्रवाहात बदलली जाते आणि त्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. प्लग काढल्यानंतरही ही साठवण काही काळ टिकू शकते. हा दाब प्राण घेऊ शकतो. म्हणून प्लग काढून थांबावे, कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना २.२ किलोओहमचा, १० वॅटचा रोधक इन्सुलेटेड पकडीने काही सेकंद टेकवून तो रिकामा करावा आणि मल्टिमीटरने दाब जवळजवळ शून्य झाल्याची खात्री करावी. स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवून ठिणगी पाडण्याची पद्धत घातक आहे.

शाळकरी मुलांनी बाहेरून करायच्या चाचण्या आणि दीड व्होल्टच्या सेलची चाचणी एवढेच करावे. वीज चालू असताना उघड्या पेटीत माप घेणे हे प्रशिक्षित व्यक्तीचेच काम आहे.

दुरुस्तीची पहिली चालू-चाचणी ‘सिरीज बोर्ड’वर घ्यावी. यात जुन्या पद्धतीचा, तारेचा ६० किंवा १०० वॅटचा दिवा संचाच्या मार्गात जोडलेला असतो. एलईडी दिवा येथे चालत नाही. आत शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण तेजाने पेटून राहतो आणि नवे भाग जळण्यापासून वाचतात. सर्व ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळून मंद होतो. हा दिवा यंत्राला वाचवतो, माणसाला विजेच्या झटक्यापासून वाचवत नाही, हे मात्र विसरू नये.

प्रश्नांचा क्रम

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी उत्खनन केले व प्राचीन स्तूप उजेडात आला, हे आपल्या तालुक्यात सर्वांना ठाऊक आहे. उत्खननात एक थर नोंदवल्याशिवाय खालच्या थराला हात लावत नाहीत, कारण काढलेला थर पुन्हा जसाच्या तसा बसवता येत नाही. पेटी उघडतानाही तसेच करावे. प्रत्येक तार काढण्यापूर्वी मोबाइलवर तिचे छायाचित्र घ्यावे, स्क्रू क्रमाने वाटीत ठेवावेत आणि बाहेरून आत जावे.

पहिला प्रश्न : दोष पेटीबाहेर आहे काय? दुसऱ्या सॉकेटमध्ये प्लग लावून पाहावा. संकेताची वायर बदलावी. टीव्हीऐवजी मोबाइल जोडावा. सबवूफरच्या आवाजाचे स्वतंत्र बटन खाली तर नाही, हे पाहावे. काही वेळा बिघाड येथेच सापडतो आणि पेटी उघडावीच लागत नाही.

दुसरा प्रश्न : स्पीकर जिवंत आहे काय? स्पीकरच्या दोन्ही तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवाव्यात. दीड व्होल्टचा सेल त्यांना क्षणभर टेकवावा. ‘टप’ असा आवाज होऊन पडदा हलला तर गुंडाळी शाबूत आहे. मल्टिमीटरने मोजल्यास ४ ओहमचा स्पीकर साधारण साडेतीन ओहमच्या आसपास आणि ८ ओहमचा सहा-सात ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर गुंडाळी तुटली आहे. चारही बोटांनी पडदा समान दाबून पाहावा. आत घासल्याचा आवाज आला तर गुंडाळी जळून फुगली आहे.

तिसरा प्रश्न : फ्यूज काय सांगतो? नुसती तार तुटलेली असेल तर दोष सौम्य असू शकतो. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर आत जोरदार शॉर्ट झाला आहे, आणि नवा फ्यूज लावून काम भागणार नाही. छापलेल्या अँपिअरचाच फ्यूज लावावा. फ्यूजऐवजी तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी होय.

चौथा प्रश्न : गुणगुण कोणत्या स्वराची आहे? आपली वीज ५० हर्ट्झची. ती सरळ करताना कपॅसिटर नीट काम करत नसतील तर उरणारी लहर १०० हर्ट्झची असते. आवाजाचे बटन शून्यावर ठेवूनही ठाम, एकसारखी गुणगुण येत असेल तर प्रथम वीजपुरवठ्याचे कपॅसिटर तपासावेत. त्यांचे डोके फुगलेले किंवा तळाशी द्रव पाझरलेला दिसतो. संकेताची वायर काढताच गुणगुण थांबत असेल तर दोष त्या वायरमध्ये किंवा जोडलेल्या उपकरणाच्या अर्थिंगमध्ये आहे.

पाचवा प्रश्न : आयसी शॉर्ट आहे काय? लहान संचांत टीडीए २०३० ही पाच पायांची आयसी वारंवार भेटते. तिचा तिसरा पाय ऋण पुरवठ्याचा, पाचवा धन पुरवठ्याचा आणि चौथा स्पीकरकडे जाणारा. वीज बंद असताना मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून चौथ्या पायापासून तिसऱ्या व पाचव्या पायापर्यंत मोजावे. शून्य दाखवल्यास आयसी गेली असे बहुधा समजावे. नवी बसवताना एक गोष्ट सांभाळावी. या आयसीची धातूची पाठ ऋण पुरवठ्याशी जोडलेली असते. म्हणून पाठ आणि हीटसिंक यांच्यामध्ये जुन्या जागी अभ्रकाची किंवा रबराची चकती असेल तर ती पुन्हा बसवावी. ती विसरल्यास नवी आयसीही पहिल्याच क्षणी जाऊ शकते.

सहावा प्रश्न दुरुस्तीनंतरचा : स्पीकर जोडणे सुरक्षित आहे काय? स्पीकर न जोडता अ‍ॅम्प्लिफायर चालू करून त्याच्या दोन बाहेर-टोकांमधील सरळ प्रवाहाचा दाब मोजावा. तो एक दशांश व्होल्टच्या आत असावा. काही व्होल्ट दाखवत असेल तर स्पीकर जोडू नये. तो दाब गुंडाळी जाळून टाकील. आयसी बदलली आणि थोड्याच वेळात स्पीकर जळाला, अशी जी तक्रार ऐकू येते तिच्यामागे पुष्कळदा हे एक माप न घेणे असते.

एक उदाहरण

गेल्या पावसाळ्यात एका पालकांच्या घरचा दोन लहान स्पीकर आणि सबवूफर असा संच शाळेच्या विज्ञान मंडळाकडे आला. आधी काही महिने गुणगुण वाढत गेली आणि मग सबवूफर मुका झाला. लहान स्पीकर गुणगुणत का होईना, वाजत होते. दुरुस्तीच्या दुकानात पेटी न उघडताच नवा संच घेण्याचा सल्ला मिळाला होता. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला आपला एक माजी विद्यार्थी मदतीला आला. पेटी त्यानेच उघडली. मुलांनी वहीत प्रत्येक प्रश्न आणि त्याचे उत्तर लिहिले.

स्पीकरने ३.४ ओहम दाखवले. म्हणजे तो शाबूत. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ व्होल्टचा आणि सुस्थितीत. २,२०० मायक्रोफॅरडचे दोन्ही कपॅसिटर फुगलेले; त्यांच्या अंगावर २५ व्होल्ट, ८५ अंश असे छापलेले आणि ते हीटसिंकला जवळजवळ चिकटून उभे. सबवूफरच्या आयसीचा चौथा व पाचवा पाय शॉर्ट. कपॅसिटरच्या जागी तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, पण ३५ व्होल्ट व १०५ अंशांचे नवे कपॅसिटर, धन-ऋण टोके पाहून बसवले. आयसी बदलली, चकती व थर्मल पेस्ट लावली, तडकलेले चार टाके पुन्हा सोल्डर केले. सिरीज बोर्डवरील दिवा क्षणभर उजळून मंद झाला. बाहेर-टोकांवरील दाब मोजला, मग स्पीकर जोडला. संच वाजू लागला. बदललेले तीनही भाग नागपूरला सीताबर्डीच्या दुकानांतून आणले होते आणि त्यांची एकत्रित किंमत नव्या संचाच्या किमतीपुढे नगण्य होती.

केव्हा बदलावा?

प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर वाचवता येतो असे मुळीच नाही. बोर्ड जळून कोळसा झाला असेल, भागांवरील क्रमांक कारखान्यातच खोडलेले असतील किंवा धुळीच्या कणाएवढे भाग पृष्ठभागावर चिकटवलेले असतील, तर पूर्ण अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड बदलणे शहाणपणाचे. त्यासाठी पाच गोष्टी जुळवाव्यात.

एक, वीजपुरवठा. टीडीए ७२९४ सारख्या मोठ्या आयसीचा बोर्ड आणून जुन्याच १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरवर लावला तर शक्ती वाढत नाही. टीपीए ३११६ या नव्या पद्धतीच्या आयसीला २६ व्होल्टपर्यंतचा एकेरी सरळ पुरवठा चालतो. ती कमी तापते, म्हणून बंद पेटीसाठी सोयीची आहे.

दोन, स्पीकरचे ओहम. ८ ओहमसाठी बनवलेल्या बोर्डाला ४ ओहमचा स्पीकर लावल्यास बोर्डावर दुप्पट भार येऊ शकतो.

तीन, गाळणी. नव्या बोर्डात खालचे स्वर वेगळे करणारी गाळणी नसेल तर सबवूफरमधून माणसांचे बोलणेही ऐकू येईल. अशी गाळणी वेगळ्या लहान बोर्डाच्या रूपात मिळते.

चार, मूळ आवाजाची घडण. पुष्कळ कारखानदार लहान पेटीची उणीव भरून काढण्यासाठी मूळ अ‍ॅम्प्लिफायरमध्येच खालचे स्वर थोडे चढवून ठेवतात. नवा साधा बोर्ड लावल्यावर आवाज किंचित पातळ वाटला तर स्पीकरला दोष देऊ नये.

पाच, हवाबंदपणा. मागच्या पत्र्याची जागा मोकळी राहिली तर तेथून हवा निसटून फुसफुस आवाज येतो आणि खोल स्वर उरत नाही. नवा अ‍ॅम्प्लिफायर पेटीबाहेर वेगळ्या डब्यात ठेवून मागचे भोक प्लायवूडचा तुकडा व फोमची पट्टी लावून बंद करणे हा उत्तम मार्ग होय. अ‍ॅम्प्लिफायर थरथरीतून आणि कोंडलेल्या उष्णतेतून सुटतो.

शक्तीचा आकडा निवडताना खोक्यावरील जाहिरात प्रमाण मानू नये. काही संचांवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॅट लिहिलेले असतात. त्याच संचाचा फ्यूज १ अँपिअरचा असेल तर २३० व्होल्टला तो सतत घेऊ शकेल अशी शक्ती २३० वॅटच्या आसपासच असते. वरील उदाहरणातील ट्रान्सफॉर्मर धन-ऋण १६ व्होल्ट देतो; त्यावर ४ ओहमच्या स्पीकरला प्रत्यक्ष मिळणारी सततची शक्ती १५ ते २० वॅट एवढीच. ‘आरएमएस’ म्हणून दिलेला आकडा तुलनेने विश्वसनीय असतो. दस्तऐवज कोणी, कोणासाठी आणि कशासाठी लिहिला हे पाहूनच त्यावर विश्वास ठेवावा, हा धडा वर्गात शिलालेखाबाबत शिकवतो तोच येथे पुठ्ठ्याच्या खोक्याबाबत घ्यावा.

एकूण खर्च नव्या तशाच संचाच्या निम्म्याहून अधिक होत असेल, किंवा अ‍ॅम्प्लिफायरसोबत स्पीकरही जळाला असेल, तर थांबावे. तेव्हाही चुंबक, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक हे भाग शिकण्यासाठी ठेवून घ्यावेत. उरलेला बोर्ड उघड्यावर जाळू नये; त्याच्या सोल्डरमध्ये शिसे असू शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जायला हवा. आपल्या वस्तूची दुरुस्ती करून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे, हा विचारही आता सरकारदरबारी पोहोचला आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी ‘राइट टु रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. संच हमीच्या मुदतीत असेल तर स्वतः स्क्रू काढण्यापूर्वी कंपनीच्या सेवा केंद्राकडेच जावे.

हाताचे आणि डोक्याचे काम

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात दाखवून दिले की जातीने कामे वाटून दिली एवढ्यावर ती थांबली नाही. काम करणारी माणसेच तिने तोडून उतरंडीवर बसवली. त्या उतरंडीत हाताने काम करणारा खाली राहिला आणि त्याच्या हातातील कामामागचे शास्त्र त्याच्यापासून दूर ठेवले गेले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळताना बाबासाहेबांपुढे कामगारांच्या तांत्रिक प्रशिक्षणाचा आणि देशाच्या वीजविकासाचा असे दोन्ही प्रश्न होते, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून देशभर आयटीआय उभ्या राहिल्या, आणि आपल्या कितीतरी घरांत पहिला पगार त्याच दाराने आला.

पालकांनी एक समज मनातून काढून टाकावा. सोल्डरिंगची बंदूक हाती घेणारा मुलगा अभ्यासात मागे पडला असे होत नाही, आणि मुलींचे हे काम नव्हे असेही नाही. वर सांगितलेल्या उदाहरणात मापे घेणाऱ्या आणि नोंदी ठेवणाऱ्यांत मुली होत्या. ओहमचा नियम परीक्षेत दोन गुणांसाठी पाठ करणे वेगळे आणि ३.४ हा आकडा मीटरवर पाहून ‘स्पीकर जिवंत आहे’ असे म्हणता येणे वेगळे. दुसऱ्या प्रकारे शिकलेले मूल दुकानदाराच्या एका वाक्यावर घरातील पैसा खर्च होऊ देत नाही, ते ‘कशावरून?’ असे विचारते.

या स्मरणिकेच्या वाचकांत वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, अभियंते झालेले अनेक माजी विद्यार्थी आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत यावे, सोबत एखादा बंद पडलेला संच आणि मल्टिमीटर आणावा, आणि मुलांपुढे तो उघडावा. पालकांनी माळ्यावरची मुकी पेटी भंगारात देण्यापूर्वी त्या दिवसापर्यंत ठेवावी. काही पेट्या वाजतील, काही वाजणार नाहीत. ज्या वाजणार नाहीत त्या का वाजत नाहीत, याचे उत्तर मात्र मुलांच्या वहीत लिहिलेले असेल.